दोरीवरचे चित्त

भारतीय भाषांतील साहित्यात पतंग पुष्कळ उडाला. पतंग उडवणारे मूल मात्र फार थोड्या वेळा दिसले. कवीने वर पाहिले की कागदाच्या त्या चौकोनात त्याला जीव दिसतो, दोरीत माया दिसते, दोर कापला की मृत्यू किंवा मुक्ती दिसते. कविता प्रेमाची असेल तर पतंग प्रियकर होतो आणि दोर प्रियेच्या हाती जातो. संस्कृतात ‘पतंग’ हा शब्द सूर्याला, पक्ष्याला आणि दिव्यावर झेपावणाऱ्या किड्यालाही लागतो. त्यामुळे रूपकाची ही सोय आणखीच वाढली आणि कागदी पतंगाला दिव्यावरच्या पतंगाचे प्राक्तन आयतेच मिळाले. ही सारी रूपके प्रौढांची आहेत. ज्याच्या बोटाला मांजाने चीर पडली आहे आणि तरीही जे जेवायला खाली उतरत नाही, त्या मुलाच्या आनंदाला त्यांत जागा नाही. त्या आनंदाचे स्वरूप काय आणि तो कोणत्या लेखकांच्या हाती नेमका लागला, हा प्रश्न बालसाहित्याच्या कोपऱ्यात ढकलून देण्याइतका किरकोळ नाही. खेळणाऱ्या मुलाला साहित्य कसे पाहते, यावरून त्या साहित्याच्या दृष्टीची पुष्कळशी कल्पना येते.

हा आनंद जेथे सर्वांत दाट होतो तेथून, म्हणजे अहमदाबादेच्या उत्तरायणापासून, आरंभ करणे बरे. १४ जानेवारीला जुन्या शहरातील पोळांची सारी वस्ती धाब्यांवर चढते. दुसऱ्या दिवशीच्या ‘वासी उत्तरायणा’पर्यंत ती मनाने तेथेच असते. रस्त्यावर जे शहर अरुंद, कोंदट आणि जातीपातींच्या वळणांनी तोडलेले आहे, ते छपरांवरून पाहता सलग होते. उंधियू, जलेबी आणि चिक्की वरच पोहोचते. एखादा पतंग कापला गेला की ‘काप्यो छे’ची आरोळी एका धाब्यावरून दुसऱ्यावर जाते. संध्याकाळी दोरीला कंदील बांधून ‘तुक्कल’ सोडले जातात. १९८९ पासून येथे आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सवही भरतो. त्यात देशोदेशींचे प्रचंड आकाराचे पतंग येतात. ते पाहण्यासारखे असतात यात शंका नाही. परंतु पाहण्यासारखे असणे हाच त्यांचा दोष आहे. मुलाला पतंग पाहायचा नसतो. त्याला तो हातात हवा असतो. अधिक नेमके सांगायचे तर पतंगाचा ताण हातात हवा असतो.

या ताणाचा विचार केल्याशिवाय पतंगाच्या आनंदाविषयी काही खरे लिहिता येत नाही. पतंग उंच गेला की तो दिसेनासा होत जातो. दिसतो तो एक ठिपका. पण दोरी बोटाला सांगत राहते: वारा पडला, पतंग डावीकडे झुकला, कोणी वरून येऊन पेच घातला. डोळ्यांना जे कळत नाही ते तर्जनीला कळते. लढतीच्या दोन रीती मुलाला लवकर कळतात. एक खेचण्याची, दुसरी ढील देण्याची. खेच कोणालाही सुचते. ढील शिकावी लागते, कारण सोडून देण्यानेही समोरच्याची दोरी कापता येते ही गोष्ट मुलाच्या स्वभावाविरुद्ध आहे. पतंगाच्या पाठीची काडी डोक्यावर घासून वाकवणे, कन्नीच्या दोन दोऱ्यांची लांबी वाऱ्याप्रमाणे कमीजास्त करणे, एका बाजूला कलणाऱ्या पतंगाच्या दुसऱ्या टोकाला चिंधी बांधणे हे सारे ज्ञान मुलेच मुलांना देतात. या विद्येला ग्रंथ नाही. तिच्यात नापास झालेल्याला पुढच्या वाऱ्याची वाट पाहावी लागते, एवढीच शिक्षा.

दोरीचे हे महत्त्व भारतीय कवितेत फार पूर्वी ज्याने ओळखले तो कवी मराठी आहे, ही योगायोगाची पण सुखद गोष्ट होय. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची जी ६१ पदे आहेत, त्यांतील रामकली रागातल्या एका पदात कागद आणून, कापून, त्याचा पतंग करून आकाशात सोडल्याचे चित्र आहे. पतंग उडवणारा पाचजणांशी गप्पा मारतो, पण त्याचे चित्त दोरीवर असते. उडवणारा कोण हे पदात सांगितलेले नाही. टीकाकार त्याला मुलगा समजतात आणि ते रास्तच आहे. पदातील क्रियापदांची रूपे मराठी कानाला ओळखीची वाटतात. पतंगासाठी आलेला ‘गुडी’ हा शब्द वाचून मराठी वाचकाला चैत्री पाडवा आठवेल; पंजाबीत ‘गुड्डी’ म्हणजे आजही पतंगच. २०१५ साली घुमान येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा नामदेवांच्या पंजाबातील वास्तव्याची पुष्कळ चर्चा झाली. त्या चर्चेत या पदाला यापेक्षा मोठी जागा मिळायला हरकत नव्हती.

पदाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. रामनामात गुंतलेल्या मनाला नामदेव एकामागून एक उपमा देतात. सोन्यावर काम करणारा सोनार, पाण्याची घागर डोईवर घेऊन हसत-बोलत येणाऱ्या मुली, दूर चरायला गेलेली पण वासराकडे मन लागलेली गाय, बाळाला पाळण्यात घालून घरकामाला लागलेली आई. यांतील बाकी सारी चित्रे श्रमाची किंवा वात्सल्याची आहेत. खेळाचे चित्र एकच, पतंगाचे. मुलाच्या खेळातील एकाग्रतेला आईच्या एकाग्रतेच्या पंक्तीत बसवणे हे भक्तिकाव्यातही सहज घडलेले नाही. शिवाय नामदेवांचा पतंग उडवणारा एकटा नाही. त्याच्याभोवती माणसे आहेत, बोलणे चालू आहे. आधुनिक कवितेत पतंग बहुधा एकाकी असतो, एका रिकाम्या आकाशात एक ठिपका. उत्तरायणाच्या धाब्यावर एक तास काढलेल्या कोणालाही नामदेवांचे चित्र अधिक खरे वाटेल. तेथे गर्दी, गोंगाट, चेष्टा-मस्करी सारे असते आणि त्या साऱ्यातून एक चित्त दोरीवर असते. अध्यात्मासाठी वापरली असूनही ही उपमा खेळाला खोटे पाडत नाही. ती पतंगाला जीवात्मा करीत नाही. उडवणाऱ्याच्या अवधानाकडे बोट दाखवते.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण उर्दूत आहे, आणि तेही एकाच कवीच्या आयुष्यात. हाली यांनी ‘यादगार-ए-ग़ालिब’ (१८९७) मध्ये ग़ालिबच्या आठ-नऊ वर्षांच्या वयातील एका मसनवीची हकीकत दिली आहे. तिचा विषय पतंग. पण आग्ऱ्याच्या त्या मुलाने लिहिताना दोरी गळ्यात पडलेल्या प्रेमिकाचाच पतंग केला. परंपरेने हाती दिलेले रूपक त्याने त्या वयातच गिरवले. पुढे साठीत आलेला ग़ालिब मुन्शी शिवनारायण यांना पत्र लिहितो. त्यात आग्ऱ्यातील जुन्या वाड्यांची आठवण निघते, एका कटऱ्यातील घराचे छप्पर येते आणि त्या छपरावरून राजा बलवानसिंगांशी लढवलेले पतंग येतात. रूपक नाही, तत्त्व नाही. घर कोणते, छप्पर कोणते, समोर कोण होते, एवढेच. मुलगा असताना त्याने प्रौढासारखे लिहिले आणि वृद्धपणी मुलासारखे. पतंगाच्या आनंदाला अलंकारापेक्षा तपशील मानवतो, याला यापेक्षा बोलका पुरावा सापडणे कठीण.

आधुनिक हिंदी कवितेत हा विषय ज्या एका कवितेने आपलासा केला ती आलोक धन्वा यांची ‘पतंग’. ‘दुनिया रोज़ बनती है’ (१९९८) या त्यांच्या संग्रहातील ही कविता बारावीच्या ‘आरोह’ या पाठ्यपुस्तकामुळे हिंदी प्रदेशातील विद्यार्थ्यांच्या पिढ्यांपर्यंत पोहोचली. तिच्यातील ऋतू संक्रांतीचा नाही. भादव्याच्या धुवाधार पावसानंतर उजाडलेला शरद येथे चकचकीत सायकलवरून घंटी वाजवत येतो. पतंगाच्या कवितेत सायकल आणणे साधी गोष्ट नाही. मुलाच्या जगातील दुसरी मोठी हाव तेथे हळूच येऊन बसते. त्याहूनही मोलाचे म्हणजे कवितेची दृष्टी लवकरच आकाशावरून छपरावर उतरते. धावणारे पाय, पायांखाली मऊ होणारी छपरे, मृदंगासारख्या घुमणाऱ्या दिशा ही या कवितेची खरी सामग्री. नामदेवांनी बोटाचे अवधान टिपले. आलोक धन्वा यांनी पायांचे बेभान असणे टिपले. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी एकाच मुलात असतात.

मात्र कवितेच्या शेवटी अडखळायला होते. छपराच्या धोकादायक कडांवरून मुलांना पडू देत नाही ते केवळ त्यांच्या रोमांचित शरीरातले संगीत, असे कवी म्हणतो. पुढे, मुले कधी पडली आणि वाचली तर ती अधिकच निर्भय होऊन सूर्यासमोर येतात. वर्गातील अध्यापन या जागी साहसाचा पाठ शोधते. परंतु ‘वाचली तर’ या दोन शब्दांवर कवितेने जेवढे थांबायला हवे होते तेवढी ती थांबत नाही. उत्तरायणाच्या दोन दिवसांत गुजरातेत १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांना येणाऱ्या हाका दरवर्षी वाढतात. त्यांत छपरावरून पडलेल्यांसाठीच्या हाका असतात. कविता म्हणजे सुरक्षेची सूचना नव्हे, हे मान्य. तरीही जे मूल पडले आणि वाचले नाही ते त्या ‘तर’च्या पलीकडे उभे आहे, आणि कवितेच्या लयीने त्याच्याकडे पाठ फिरवली आहे. कवितेचा पूर्वार्ध इतका शरीरनिष्ठ असताना उत्तरार्धाने शरीर असे अचानक हलके करून टाकावे, ही उणीव लहान नाही. ती मान्य करूनही, मुलाच्या पायांतून पतंग पाहणारी यापेक्षा चांगली कविता हिंदीत दाखवणे अवघड आहे.

आतापर्यंतची मुले छपरावरची आहेत. सणाचा निम्मा आनंद मात्र खाली असतो, गल्लीत. बोराटीची किंवा बाभळीची काटेरी फांदी बांबूच्या टोकाला बांधून, मान वर करून, वाहने आणि गटारे विसरून धावणाऱ्या मुलांचा तो आनंद. कापलेला पतंग ज्याच्या हाती पडेल त्याचा, हा या खेळाचा कायदा सर्वत्र सारखा आहे. पतंग परत मागायला कोणी येत नाही. वरच्या मुलाचे जे नुकसान तीच खालच्या मुलाची कमाई. आणि छपरावरून गल्लीत पडताना वर्ग ओलांडणारे असे दुसरे खेळणे चटकन आठवत नाही.

या खालच्या मुलाची कथा प्रेमचंदांनी १९३४ साली लिहिली. ‘बड़े भाई साहब’ ही परीक्षापद्धतीवरील टीका म्हणूनच बहुधा शिकवली जाते. वसतिगृहात राहणारे दोन भाऊ. निवेदक नऊ वर्षांचा, थोरला चौदाचा. थोरला सतत पुस्तकात, तरीही नापास होणारा. धाकटा उनाड, तरीही पास होणारा. या विरोधातील विनोद आणि शिक्षणावरील ताशेरे इतके ठसठशीत आहेत की पतंग हा धाकट्याच्या उनाडपणाचा एक पुरावा ठरून मागे पडतो. प्रत्यक्षात कथेचा तोल त्याच्यावरच आहे. धाकटा मांजा देणे, कन्नी बांधणे, स्पर्धेची तयारी करणे ही कामे गुप्तपणे उरकतो. थोरल्याच्या अभ्यासाइतकाच गंभीर असा हा दुसरा अभ्यासक्रम आहे आणि त्यात धाकटा खरोखर मेहनती आहे. प्रेमचंद हे कोठेही उच्चारून दाखवत नाहीत.

शेवटच्या प्रसंगात संध्याकाळी वसतिगृहापासून दूर धाकटा एका कापलेल्या पतंगामागे धावत असतो. त्याची नजर आकाशात, मन पतंगाच्या संथ उतरणीबरोबर झुलणारे. बाजारातून परतणारा थोरला त्याचा हात धरतो आणि भर रस्त्यात दीर्घ प्रवचन देतो: वयाचा मान, अनुभव, घरचे वडीलधारे. धाकट्याची मान खाली जाते. मग थोरला कबूल करतो की पतंग उडवावासा त्यालाही वाटतो. पण तोच वाट चुकला तर धाकट्याला कोण सांभाळणार? एवढ्यात एक कापलेला पतंग डोक्यावरून जातो, त्याची दोरी खाली लोंबत असते. थोरला उंच आहे. तो उडी मारून दोरी पकडतो आणि वसतिगृहाकडे बेतहाशा धावत सुटतो; धाकटा मागोमाग.

या शेवटाकडे थोरल्याच्या दांभिकतेचा उलगडा म्हणून पाहणे हा त्याच्यावर अन्याय आहे. प्रेमचंदांनी येथे त्याची फजिती केलेली नाही. त्याला त्याचे वय परत दिले आहे. कर्तव्याने अकाली मोठा केलेला हा मुलगा अजून मुलगाच आहे ही गोष्ट सारी कथा आपल्याला विसरायला लावते आणि एक दोरी ती आठवून देते. तो पतंग त्याने विकत घेतलेला नाही, उडवलेला नाही, त्यासाठी धावलेलाही नाही. विकत घेतला असता तर ती इच्छा झाली असती, आणि इच्छेला त्याने केव्हाच शिस्त लावली होती. डोक्यावरून जाणाऱ्या दोरीपुढे शिस्तीला विचार करायला वेळच मिळत नाही. लुटीच्या आनंदाचे मर्म या अनपेक्षितपणात आहे, आणि भारतीय कथेत ते इतक्या थोड्या शब्दांत पुन्हा आलेले नाही.

लूट दुसऱ्यासाठी करावी लागली म्हणजे काय होते हे पाहायचे असेल तर खालेद हुसैनी यांच्या ‘द काइट रनर’ (२००३) या कादंबरीतील १९७५ च्या काबूलकडे जावे लागते. तेथे कापलेला निळा पतंग हसन आपल्या धन्याच्या मुलासाठी आणायला धावतो आणि त्या धावण्याची किंमत मोजतो. कादंबरी पुढे नको तितकी योगायोगांवर विसंबते. पण ‘ज्याच्या हाती पडेल त्याचा’ हा मुलांचा कायदा मोठ्यांच्या उच्चनीचतेने कसा मोडतो, हे तिने अचूक दाखवले आहे.

हा कायदा अलीकडे दोरीनेही मोडला. काचेची पूड आणि खळ लावलेला सुती मांजा बोट कापत असे, पक्ष्यांनाही जखमी करीत असे; तो निरुपद्रवी होता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण तो तुटत असे. नायलॉनचा मांजा सहजी तुटत नाही, आणि तो दुचाकीस्वाराच्या गळ्याशी आला म्हणजे जीव घेतो. ११ जुलै २०१७ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यावर देशभर बंदी घातली; त्याच वर्षापासून गुजरातेत जखमी पक्ष्यांसाठी जानेवारीत ‘करुणा अभियान’ चालते. बंदीनंतरही हा मांजा चोरून विकला जातो आणि तो मागणाऱ्यांत मुले असतात. त्यांना दोष देण्यापूर्वी ज्यांनी त्यांना केवळ जिंकायला शिकवले त्यांच्याकडे पाहिले पाहिजे. न तुटणाऱ्या दोरीने ढील आणि खेच यांतले कसबच संपते. बोटाला ऐकण्यासारखे काही उरत नाही. सणातील क्रौर्याची चर्चा होते ती योग्यच आहे. खेळ म्हणून जे दरिद्री झाले त्याची चर्चा मात्र वाङ्मयातही झालेली नाही.

तशीच न झालेली आणखी एक चर्चा पतंग बनवणाऱ्या घरांची. अहमदाबादेत जमालपूरसारख्या वस्त्यांतील अनेक मुस्लिम घरांत हे काम चालते. पुष्कळसे स्त्रियांच्या हातचे, नगावर मजुरी मिळणारे. एक हात कागद कापतो, दुसरा काडी चिकटवतो, तिसरा कमान बसवतो, चौथा कडेने दोरा घालून कागद दुमडतो. मांजा सुतवायला रस्त्याकडेला खांब रोवून कारागीर बसतात. त्यांत उत्तर प्रदेशातून आलेले असतात. हिंदू पंचांगातील संक्रमणाचा हा सण मुसलमान कारागिरांच्या बोटांतून आकाशात जातो, हे वाक्य गौरवाने पुष्कळदा उच्चारले जाते. त्या घरातील मुलाला मात्र पतंग आधी माल म्हणून भेटतो आणि मग खेळणे म्हणून. त्याचा आनंद वेगळा असणार. निदान त्याला मिळणारे पतंग वेगळे असणार, बहुधा डाग पडलेले आणि काडी चिरलेले.

या मुलाजवळ जाण्याचा एक प्रयत्न साहित्याने नव्हे, चित्रपटाने केला. प्रशांत भार्गव (मृत्यू २०१५) यांचा ‘पतंग’ (२०११) अहमदाबादेच्या उत्तरायणातच घडतो. दिल्लीहून आपल्या वडिलोपार्जित घरी आलेल्या एका सधन माणसाची आणि त्याच्या कुटुंबातील जुन्या जखमांची ती कहाणी. सीमा विश्वास आणि नवाज़ुद्दीन सिद्दीकी यांच्यासोबत अनेक भूमिकांत अभिनयाचा पेशा नसलेली शहरातील माणसे आहेत. त्यांतला हमीद हा लहान मुलगा पतंग पोचवण्याचे काम करतो. कुटुंबाच्या भांडणात चित्रपट काही वेळा अडकतो आणि रंगांच्या मोहातही पडतो. पण हमीद चौकटीत आला की तो सावरतो. हे मूल सणाच्या मध्यभागी आहे आणि सण त्याचा नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद म्हणूनच सजावटीसारखा दिसत नाही.

मराठीत अशा हमीदला जागा मिळालेली नाही. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस शहर छपरांवर असते. तेथे आसारी हाती घेतलेली मुले अहमदाबादेच्या मुलांहून कमी बेभान नसतात. आपल्या बालकवितेतील पतंग मात्र अजून बहुतेक वेळा ढगांशी, पाखरांशी आणि चांदोबाशी बोलतो. तो उडवणाऱ्याशी फारसे बोलत नाही, आणि उडवणाऱ्याच्या मागे आसारी धरून उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीशी तर नाहीच. पेच लागला की भाऊ ढील देतो आणि आसारी तिच्या तळहातांवर सणासणा फिरू लागते. दोरीत गुंता होऊ नये म्हणून तिला खालीच पाहावे लागते. पतंग कोणाचा कापला हे तिला शेजारच्या धाब्यावरची आरोळी ऐकून कळते.